एसव्हीएनवरून गिटवर जाताना कोड रिव्ह्यूचं टूल कसं निवडलं: एका टीमचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या प्रॉडक्ट टीमचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, पण घटनाक्रम जसा होता तसाच ठेवलाय. निवड चालू होती तेव्हा मी त्यांच्यासोबत काम करत होतो आणि नंतरही बरेच महिने हे सगळं जवळून बघितलं.

टीममध्ये तीन गट होते. एक सर्व्हरचा कोड लिहिणारा, एक वेब स्क्रीन करणारा आणि तिसरा छोटा गट हार्डवेअरशी बोलणारी लायब्ररी (बाकीच्या प्रोग्रामना वापरता येईल असा कोडचा संच) सांभाळणारा. या तिसऱ्या गटातले दोघं वेगळ्या टाइम झोनमध्ये बसायचे, म्हणजे त्यांची सकाळ व्हायची तेव्हा बाकीच्यांचा दिवस संपत आलेला असायचा. ही गोष्ट सुरुवातीला कोणाला महत्त्वाची वाटली नव्हती, पुढे मात्र वाटली.

कोड कित्येक वर्षं एसव्हीएनमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद एका सर्व्हरवर ठेवणाऱ्या सिस्टिममध्ये होता आणि रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासणं, हे रिव्ह्यू बोर्ड नावाच्या टूलवर चालायचं. ज्यांनी हे वापरलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: तुम्ही आपल्या वर्किंग कॉपीत (स्वतःच्या मशीनवरच्या कोडच्या प्रतीत) बदल करता, त्याचा डिफ (कोणत्या ओळी बदलल्या त्याची यादी) सर्व्हरवर टाकता, समोरचा ओळीओळीवर कॉमेंट करतो, तुम्ही सुधारून परत डिफ टाकता, आणि शेवटी 'शिप इट' ही मंजुरी मिळाली की मगच कमिट, म्हणजे बदलाची कायमची नोंद. म्हणजे कमिटच्या आधी रिव्ह्यू. हे टूल 2006 च्या सुमाराला व्हीएमवेअरमधल्या दोन इंजिनिअर्सनी सुरू केलं, तेव्हा एसव्हीएन आणि त्याच्याच जातीच्या परफोर्सचा जमाना होता आणि त्या कामाला ते एकदम चपखल बसायचं. त्यातली एक सोय टीमला फार आवडायची, डिफची पहिली आवृत्ती आणि तिसरी आवृत्ती यांच्यात नेमकं काय बदललं तेवढंच बघता यायचं. ही सोय लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं भांडण हिच्यावरूनच झालं.

अडचण

रिलीज वर्षातून दोनदा व्हायचे ते दर दोन आठवड्यांनी करायचे असं ठरलं, आणि त्याच्याच बरोबर गिटवर, म्हणजे कोडचा पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असणाऱ्या सिस्टिमवर जायचं असंही ठरलं. जुन्या पद्धतीत एक त्रास होताच, रिव्ह्यूची वाट बघताना बदल वर्किंग कॉपीत अडकून पडायचा आणि दुसरं काम सुरू करायचं तर वेगळा चेकआउट, म्हणजे कोडची आणखी एक प्रत, घ्यावा लागायचा. काही जणांच्या मशीनवर एकाच प्रोजेक्टचे चार-पाच चेकआउट पडलेले असायचे आणि कशात काय आहे हे त्यांनाच आठवायचं नाही. सहा महिन्यांनी रिलीज असताना हे खपून जायचं, दोन आठवड्यांच्या चक्रात खपणार नव्हतं.

मग बैठकीत प्रश्न आला तो असा: "गिटला जातोय तर रिव्ह्यूसाठी कोणतं टूल घ्यायचं?" लगेच सगळ्यांनी आपापल्या आवडीची नावं सांगितली, कोणी एक्सेल शीट उघडली, डाव्या बाजूला फीचर, वर टूलची नावं, आणि मध्ये टिक मार्क. दोन बैठका त्या शीटवरच गेल्या. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे की त्या शीटने कोणताच निर्णय होणार नव्हता, कारण जवळपास सगळ्या टूलमध्ये कॉमेंट करता येते, सगळ्यात अप्रूव्हल आहे, सगळ्यात नोटिफिकेशन येतं. टिक सगळीकडेच पडतात. फरक कुठे पडतो ते त्या शीटमध्ये दिसतच नाही.

पर्याय

पहिला पर्याय अर्थात रिव्ह्यू बोर्डच ठेवायचा, तो गिटलाही चालतो. फायदा हा की कोणालाच नवीन काही शिकायला नको. तोटा हा की ब्रँच (मुख्य कोडपासून वेगळी काढलेली कामाची शाखा) एका जागी, रिव्ह्यू दुसऱ्या जागी आणि बिल्ड (कोड बांधून टेस्ट चालवणं) तिसऱ्या जागी, आणि रिव्ह्यू झाला तोच कोड मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, याची खात्री माणसाने ठेवायची.

फॅब्रिकेटर या रिव्ह्यू टूलचं नाव एका सीनियरने घेतलं, त्याने आधीच्या नोकरीत ते वापरलं होतं आणि मनापासून आवडलं होतं. पण ते सांभाळणाऱ्या कंपनीने 1 जून 2021 पासून काम थांबवलंय, पुढे समुदायाने फोर्ज नावाने ते चालू ठेवलंय खरं, पण नव्याने सुरुवात करणाऱ्या टीमने तिथून सुरुवात करावी असं कोणालाच वाटलं नाही. गिटहबचं क्लाउड एका ग्राहकाच्या करारामुळे बाद झालं, कोड स्वतःच्या सर्व्हरबाहेर ठेवायचा नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. या दोन्हींवर फार वेळ गेला नाही.

उरले दोन, गेरिट आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं गिटलॅब. आणि हे दोन फक्त वेगवेगळे प्रॉडक्ट नाहीयेत, रिव्ह्यू म्हणजे काय याबद्दलच त्यांचं म्हणणं वेगळं आहे.

खरी गोम: रिव्ह्यू नेमका कशाचा करायचा

गेरिटमध्ये रिव्ह्यू एका कमिटचा होतो. तुम्ही कमिट पुश करता, म्हणजे सर्व्हरकडे पाठवता, ते थेट ब्रँचवर जात नाही, 'रेफ्स/फॉर' अशा खास पत्त्यावर जातं आणि तिथे त्याचा एक चेंज तयार होतो. कमिट मेसेजच्या शेवटी चेंज-आयडी नावाची एक ओळ असते, ती एक छोटा हुक, म्हणजे कमिट करताना चालणारी स्क्रिप्ट, आपोआप टाकतो, आणि त्या ओळीवरूनच गेरिटला कळतं की हा नवा चेंज नसून जुन्याचीच पुढची आवृत्ती आहे. कॉमेंट आल्या की तुम्ही नवीन कमिट जोडत नाही, तेच कमिट अमेंड करून, म्हणजे त्यातच दुरुस्ती करून, परत पुश करता आणि त्याचा पुढचा पॅचसेट, म्हणजे पुढची आवृत्ती, तयार होतो. म्हणजे रिव्ह्यू बोर्डवर टीमला जी सवय होती, तीच. हे टूल गूगलमध्ये अँड्रॉइडच्या कामासाठी तयार झालं आणि एकावर एक रचलेले पन्नास कमिट वेगवेगळे तपासायचे असतील तर त्याच्यासारखं दुसरं मिळणं अवघड आहे.

गिटलॅबमध्ये रिव्ह्यू ब्रँचचा होतो. मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे ही ब्रँच मर्ज करा अशी विनंती, उघडली की त्या ब्रँचमधल्या सगळ्या कमिटचा मिळून एक डिफ दिसतो. कमिट कसे रचलेत याला फारसं महत्त्व नाही, शेवटी काय झालं ते बघा.

मी बैठकीत सगळ्यांना एकच विचारलं. पुढच्या वर्षी तुमच्या हातात सर्वसाधारण दिवशी काय असणार आहे, चार छोटे एकावर एक अवलंबून असलेले बदल, की एक छोटी ब्रँच जी एक-दोन दिवसांत संपते? सर्व्हर आणि वेबवाले लगेच म्हणाले छोटी ब्रँच. लायब्ररीवाले म्हणाले आमचं तसं नाही, आम्ही आधी खालचा थर बदलतो, मग त्यावरचा, मग सर्वात वरचा, आणि तिन्ही वेगवेगळे तपासले गेले नाहीत तर रिव्ह्यूला अर्थ नाही. दोन्ही बाजू बरोबर होत्या, म्हणून तर हे अवघड होतं.

चाचणी

शीट बाजूला ठेवली आणि दोन्ही टूल खऱ्या कामावर चालवून बघायचे ठरले. डेमो प्रोजेक्ट नको, कारण डेमोमध्ये कोणी वैतागत नाही. सर्व्हर गटाने आणि लायब्ररी गटाने आपलं चालू काम आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर केलं, आणि अट एवढीच की किमान एक रिव्ह्यू असा हवा ज्यात तीन-चार फेऱ्या होतील. पहिली फेरी सगळ्या टूलमध्ये छान दिसते, तिसऱ्या फेरीलाच घोडं पेंड खातं.

आणि तसंच झालं. गिटलॅबवर एका रिव्ह्यूअरने वीसेक कॉमेंट दिल्या, डेव्हलपरने सगळं दुरुस्त केलं, मध्येच मुख्य ब्रँचवर रिबेस केलं, म्हणजे आपले कमिट तिथल्या ताज्या कोडवर नव्याने रचले, आणि फोर्स पुश करून सर्व्हरवरचे जुने कमिट बदलून टाकले. रिव्ह्यूअर दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, मागच्या आणि आताच्या आवृत्तीची तुलना केली तर त्यात या डेव्हलपरचे बदल तर आहेतच, पण रिबेसमुळे आलेले बाकीच्या लोकांचे बदलही मिसळलेत. तो सरळ म्हणाला, "अरे हे मी काल सगळं वाचलंय, आता परत पहिल्यापासून वाचू का?" गेरिटवर हाच प्रकार केला तर रिबेसमुळे आलेले बदल वेगळ्या रंगात दिसले आणि फक्त लेखकाने केलेलं पटकन कळलं. त्या दिवशी सगळं पारडं गेरिटकडे झुकलं होतं.

मग गेरिटची दुसरी बाजू दिसली. टीममधल्या नव्या मुलामुलींना अमेंड आणि इंटरॅक्टिव्ह रिबेस हाताळणं जड जात होतं. एसव्हीएनमधून आलेल्या माणसाला गिटच आधी नवीन, त्यात वर हे. कोणाच्या मशीनवर हुक बसवलेला नव्हता म्हणून पुश नाकारला गेला, कोणी अमेंडच्या ऐवजी नवीन कमिट केलं आणि एकाच कामाचे दोन चेंज तयार झाले, कोणी साखळीतलं सगळ्यात खालचं कमिट बदलताना वरच्यांचा गोंधळ करून ठेवला आणि अर्धा दिवस ते निस्तरण्यात गेला. लायब्ररीवाल्यांना यातलं काहीच अवघड वाटलं नाही. पण ते थोडे, बाकीचे जास्त.

बिल्डचाही मुद्दा होता. गेरिटला स्वतःचं सीआय, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवायची सोय, नाही, त्यासाठी जेनकिन्ससारखा वेगळा सर्व्हर जोडायचा आणि त्याने पास-नापासचं मत द्यायचं अशी रचना करावी लागते. टीमकडे जेनकिन्स होता, पण तो सांभाळणारा एकच जण होता आणि त्याच्यावर आधीच बराच भार. गिटलॅबमध्ये पाइपलाइन, म्हणजे बिल्ड आणि टेस्टच्या पायऱ्या, त्याच पानावर दिसते, रिव्ह्यूअरला टेस्ट लाल आहे की हिरवी ते शोधायला जावं लागत नाही.

निर्णय

शेवटी गिटलॅब घेतलं. निव्वळ रिव्ह्यूचं टूल म्हणून मला गेरिट जास्त चांगलं वाटतं, हे मी टीमलाही सांगितलं. तरीही या टीमसाठी गिटलॅब बरोबर होतं असं माझं ठाम मत आहे, कारण गेरिटची कमतरता म्हणजे माणसांनी शिकायची गोष्ट होती आणि ती गिट शिकण्याच्या ऐन काळात शिकावी लागणार होती, तर गिटलॅबची कमतरता एका नियमाने बरीचशी झाकता येत होती.

तो नियम असा ठरला. रिव्ह्यू सुरू होईपर्यंत ब्रँचवर काय वाटेल ते करा, अमेंड करा, रिबेस करा, इतिहास हवा तसा बदला. पहिली कॉमेंट आली की तिथून पुढे इतिहासाला हात लावायचा नाही, प्रत्येक दुरुस्ती वेगळं कमिट म्हणून जोडायची. मुख्य ब्रँचचे बदल हवेच असतील तर मर्ज करून घ्यायचे, रिबेस नाही. आणि शेवटी मर्ज करताना स्क्वॉश, म्हणजे सगळे कमिट एकत्र होऊन मुख्य ब्रँचवर एकच स्वच्छ कमिट जातं. यामुळे रिव्ह्यूअरला दुसऱ्या फेरीत फक्त नवीन कमिट उघडून बघता येतात. रिव्ह्यू बोर्डवर जे बटण दाबून मिळायचं ते इथे शिस्तीने मिळवलं, एवढाच फरक.

लायब्ररी गटासाठी वेगळी सवलत ठेवली: त्यांनी एकावर एक ब्रँच काढायच्या, वरच्या मर्ज रिक्वेस्टचं टार्गेट खालची ब्रँच, आणि स्क्वॉश केव्हा करायचं ते त्यांनी ठरवायचं. हे गेरिटइतकं सुटसुटीत नाही आणि त्या गटाने ते नाराजीनेच मान्य केलं. त्यांची नाराजी रास्त होती.

एक गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली. गिटलॅबच्या मोफत आवृत्तीत अप्रूव्ह बटण आहे, पण ते सक्तीचं करता येत नाही, दोघांच्या अप्रूव्हलशिवाय मर्ज होऊच नये ही अट पैसे भरूनच मिळते. कोड ओनर्सचंही, म्हणजे कोणत्या फाइलला कोणाची मंजुरी लागते हे ठरवायच्या सोयीचंही तेच. टीमने गृहीत धरलं होतं की हे असणारच. बजेट आधीच ठरून गेलं होतं, मग तडजोड केली: मुख्य ब्रँच प्रोटेक्टेड, मर्जचा अधिकार प्रत्येक गटातल्या दोन मेंटेनर्सना, आणि पाइपलाइन पास झाल्याशिवाय व सगळ्या चर्चा रिझॉल्व्ह झाल्याशिवाय मर्ज बंद. या दोन अटी मोफत आवृत्तीत लावता येतात. काम भागलं, पण मेंटेनर स्वतःचाच कोड मर्ज करू शकतो ही फट राहिली ती राहिलीच.

अंमलबजावणी

एकेक गट हलवला, आधी वेब, मग सर्व्हर, शेवटी लायब्ररी. गिट-एसव्हीएन या टूलने एसव्हीएनमधला इतिहास गिटमध्ये आणताना प्रत्येक कमिटखाली जुन्या रिव्हिजन नंबरची (एसव्हीएनमधल्या त्या कमिटच्या क्रमांकाची) ओळ राहू दिली. ती काढून इतिहास सुबक करायचा मोह काहींना झाला होता, पण बग ट्रॅकरमध्ये शेकडो जागी "हे अमुक रिव्हिजनमध्ये दुरुस्त केलं" असं लिहिलेलं होतं, ती ओळ काढली असती तर ते सगळे धागे तुटले असते. जुना रिव्ह्यू बोर्ड फक्त वाचण्यापुरता चालू ठेवला. माझ्या मते अख्ख्या बदलातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, कारण एखादा कोड असा विचित्र का लिहिलाय याचं उत्तर बहुतेकदा जुन्या रिव्ह्यूतल्या वादात सापडतं, कमिट मेसेजमध्ये नाही.

याच काळात एकाने सुचवलं की आता सगळं बदलतोच आहोत तर सगळ्या फाइल्स एकदा फॉर्मॅटरमधून, म्हणजे कोडची मांडणी एकसारखी करणाऱ्या टूलमधून, काढू, आणि ते करूनही टाकलं. परिणाम असा की गिट ब्लेमवर, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणाऱ्या कमांडवर, जवळजवळ प्रत्येक ओळ त्या एकाच कमिटच्या नावावर दिसायला लागली. गिट 2.23 पासून असे कमिट वगळायची सोय आहे, एका फाइलमध्ये त्यांचे हॅश (कमिटचे ओळख क्रमांक) लिहून ती फाइल गिटला सांगितली की ब्लेम त्यांच्या पलीकडचं दाखवतो, ती फाइल नंतर तयार केली. पण मधले काही आठवडे लोक त्या फॉर्मॅट करणाऱ्यालाच विचारायला जात होते की बाबा हे तू का लिहिलंस.

पुढे काय झालं

चेकआउटचा पसारा गेला आणि रिव्ह्यूची वाट बघताना दुसरी ब्रँच काढून काम सुरू करणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. टेस्ट लाल असताना रिव्ह्यू मागणं जवळपास बंद झालं. नवीन माणसं लवकर रुळली.

जे सुटलं नाही ते असं. पहिल्या काही महिन्यांनी मर्ज रिक्वेस्ट मोठ्या होत गेल्या. आधी डिफ हाताने सर्व्हरवर टाकायचा म्हणून लोक विचार करून छोटा ठेवायचे, आता ब्रँचवर काम साठत जातं आणि एक दिवस हजार ओळींची रिक्वेस्ट येते. स्मार्टबेअर कंपनीने सिस्को कंपनीत केलेल्या जुन्या अभ्यासातून एका वेळी 200 ते 400 ओळींपेक्षा जास्त बघू नये अशी शिफारस निघाली होती, ती टीमला माहीतही होती, पण माहीत असणं वेगळं. टूलने मर्यादा घालायची का यावर चर्चा झाली, मी विरोध केला, कारण आपोआप तयार झालेल्या फाइल्स आणि नाव बदललेल्या फाइल्स यांच्यामुळे ओळींचा आकडा फसवा असतो. त्याऐवजी रिव्ह्यूअरला "हे फोडून दे" म्हणायचा अधिकार दिला आणि ते म्हटल्यावर वाद घालायचा नाही असं ठरलं. याचा उपयोग झाला, पण नवे लोक सीनियरला असं म्हणायला अजूनही कचरतात.

दुसरं म्हणजे टाइम झोन. लायब्ररी गटातल्या त्या दोघांच्या रिक्वेस्टना पहिलं उत्तर मिळेपर्यंत त्यांचा अख्खा दिवस जायचा, आणि एकावर एक ब्रँच असल्याने खालची अडली की वरच्या सगळ्या अडायच्या. टूल कोणतंही असतं तरी हे झालंच असतं. उपाय म्हणून रोज सकाळी आलं की स्वतःचं काम उघडायच्या आधी रात्री आलेले रिव्ह्यू बघायचे अशी पाळी लावली, आठवड्याला एक माणूस. हा माणूस मुद्दाम फिरता ठेवला. मायक्रोसॉफ्टमधल्या टीमवर 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाकेली आणि बर्ड या संशोधकांच्या अभ्यासात दिसलं होतं की लोक रिव्ह्यू करतात दोष सापडावेत म्हणून, पण प्रत्यक्षात त्यातून कोडची माहिती एकमेकांत पसरणं हा मोठा फायदा होतो. इथेही तेच झालं, सर्व्हरवाल्या दोन-तीन जणांना आता लायब्ररीचा कोड वाचता येतो, जे आधी कधीच नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

चाचणीत ते दुसऱ्या टाइम झोनमधले दोघं नव्हते, सोय म्हणून एका जागी बसलेल्यांवरच चाचणी झाली. ते असते तर साखळीतल्या ब्रँच अडण्याचा त्रास तिथेच दिसला असता, आणि कदाचित लायब्ररीसाठी गेरिट वेगळं ठेवायचा पर्याय गंभीरपणे तपासला गेला असता. दोन टूल सांभाळणं महाग असतं हे खरं, पण त्या गटाचा कोड बाकीच्यांपेक्षा इतका वेगळ्या पद्धतीने बदलतो की हिशोब तरी मांडायला हवा होता.

अप्रूव्हल सक्तीचं हवं की नको हा प्रश्न बजेट ठरण्याआधी विचारायला हवा होता. तेव्हा लायसन्सचा खर्च चर्चेत आणता आला असता, नंतर कोणी ऐकून घेत नाही.

फॉर्मॅटिंगचं काम बदलाच्या काळात करायला नकोच होतं. आणि करायचंच तर वगळायची फाइल त्याच दिवशी, त्याच मर्ज रिक्वेस्टमध्ये.

नियमांबद्दलही एक. "कॉमेंट आल्यावर इतिहासाला हात लावायचा नाही" हा नियम विकीवर लिहिला होता आणि तिथे तो कोणी वाचत नव्हतं. पुढे तो मर्ज रिक्वेस्टच्या टेम्प्लेटमध्ये, वर्णनाच्या पहिल्याच ओळीत टाकला, तेव्हा पाळला जायला लागला. गिटलॅबमध्ये अशी टेम्प्लेट रिपॉझिटरीतच, म्हणजे कोडसोबतच, ठेवता येते, त्यामुळे ती बदलायची झाली तरी तिचाही रिव्ह्यू होतो. लायब्ररी गटाने आता आपली वेगळी टेम्प्लेट केलीये, त्यात ही ब्रँच कोणावर उभी आहे आणि कोणती आधी वाचायची हे वर लिहावंच लागतं.